काचेबाहेरचा नंदी

आंजी गावच्या चौकात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि त्याखाली पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन उभी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, म्हणजे पोरांचाच सण. प्रमिलाबाईंचं सारं लक्ष मात्र एकाच नंदीवर होतं. सागवानी, हातभर उंच, पाठीवर कोरलेली झूल. त्याची दोरी गावातल्या अंकिताच्या हातात होती आणि मागे वासुदेवरावांचा जीव टांगणीला लागला होता.

वासुदेवराव वर्ध्याच्या नंदी संग्राहक मंडळाचे अध्यक्ष. गावोगावच्या माळ्यांवरून जुने नंदी हुडकून आणायचे, ही मंडळाची हौस. नंदी घरी आला की पहिलं काम त्याची चाकं काढण्याचं, कारण चाकांवर तो कपाटात स्थिर उभा राहत नाही. मग मखमल, मग काच. नंदी मोठे देखणे दिसायचे, पण बघायला यायचं कोण? तर हेच चार सभासद, एकमेकांच्या घरी, आळीपाळीनं. नवा माणूस कित्येक वर्षांत मंडळाकडे फिरकला नव्हता.

हा छंद वाढवायचा कसा, यावर बैठकीत स्मरणिकेचा विषय निघाला, सत्काराचा निघाला, आणखी मोठ्या कपाटांचा तर निघालाच. सभासदांपैकी एकट्या प्रमिलाबाई म्हणाल्या की चाकं परत बसवा आणि नंदी पोरांच्या हाती द्या. बाईंनी देवघर विकायला काढल्यासारखे सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. शेवटी वासुदेवरावांनी होकार दिला, पण अट घालूनच. एक टवका जरी उडाला तरी सगळे नंदी परत काचेत जातील आणि बाई हा विषय पुन्हा काढणार नाहीत. बाईंनी तेव्हा ठसक्यात मान डोलावली होती. आता मात्र त्या वाटेतल्या प्रत्येक दगडाकडे धास्तीनं पाहत होत्या.

तोरण तुटलं, पोळा फुटला आणि पोरं गलका करत सुटली. सागवानी नंदी कुरकुरत निघाला. दगडांवरून जाताना त्याची मान डुलत होती, खऱ्या बैलासारखी. वासुदेवराव तोंड उघडं ठेवून पाहत राहिले. आपला नंदी चालताना कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात नालीच्या फरशीत एक चाक अडकलं आणि नंदी तोंडावर आपटला. डावं शिंग तुटून घरंगळत वासुदेवरावांच्या पायाशी आलं.

अंकिता रडायला लागली. सगळं मुसळ केरात गेलं, असं वाटून प्रमिलाबाईंना आपल्याच हट्टाचा राग आला. वासुदेवरावांनी शिंग उचललं आणि धूळ फुंकली. मग गळ्यातला दुपट्टा काढून ते खाली बसले आणि शिंग जागच्या जागी धरून त्यांनी नंदीच्या डोक्याला फेटाच बांधला.

"काऊन रडून राह्यली वं माय?" ते म्हणाले. "शिंग मोडलं म्हनून बैल घरी बसते का? वढ."

अंकितानं डोळे पुसून दोरी ओढली. फेटेवाला नंदी दारोदार गेला. पोरांना ओवाळून बोजाऱ्याचे पैसे द्यायला बाया बाहेर आल्या आणि नंदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अस्सा तं आमच्या बी माळ्यावर पडला हाये, असं एकीनं म्हटलं, मग दुसरीनं. पाहता पाहता घरोघरी शिड्या लागल्या, जळमटं झटकली गेली आणि धुळीनं माखलेले नंदी गल्लीत उतरले. तरणी पोरं मंडळात यायचं कसं, ते विचारू लागली. प्रमिलाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी चारचौघांत पदरानं डोळे टिपले.

आनंदाबाई नावाची म्हातारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी कडेवर घेऊन आली. गोणपाटातून नुसतं डोकं दिसत होतं, काळं कुळकुळीत, शिंगांना पितळी टोपणं. असा नंदी मंडळात कुणाकडेच नव्हता. सभासद भोवती गोळा झाले. लाकूड कोणतं, जुना किती, देणार का, हे सगळं अध्यक्षच विचारतील म्हणून सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली.

वासुदेवराव पुढे झाले आणि गोणपाटावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आजी, याले चाकं हायेत नं?"