अशेरची ओळ

शनिवारच्या सरावात प्रिस्काने मध्येच पेटी थांबवायला सांगितली. लग्न होऊन ती पुण्याहून रत्नागिरीत आली, तेव्हापासून चर्चचं गायनमंडळ तिच्याकडे होतं. रविवारची उपासना कुठेही न अडखळता सलग व्हावी, म्हणून ती झटत होती. पण शेवटच्या गीतात एका ओळीला सगळेच गप्प होत आणि नुसती पेटी वाजत राही.

"इथे गात का नाही तुम्ही?" तिने विचारलं.

"ती ओळ अशेर एकटा म्हणायचा," पेटीवरचे एलियासकाका म्हणाले. "जहाजावर कामाला गेलेला, वादळात समुद्रात पडला. सापडलाच नाय. त्याची आई, शांतामावशी, समोरच्या बाकावर बसते. तिच्यादेखत ती ओळ म्हणवत नाय कोणाला."

प्रिस्का गलबलली. तरी ती म्हणाली, "उद्या सगळे मिळून म्हणू. मावशींशी मी बोलते."

पण बोलायचा धीर तिला झालाच नाही. रविवारी ती ओळ आली आणि सगळ्यांनी कापऱ्या आवाजात म्हटली. शांतामावशींनी डोळे मिटून घेतले.

उपासना संपल्यावर मावशी थेट प्रिस्काकडे आल्या.

"मावशी, माझं चुकलं असेल तर..."

"चुकलं कसलं गो?" मावशींनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

 

"तुम्ही गप्प व्हायचात तिथे इतके रविवार बिचारा एकटाच गात होता. आज तुम्ही त्याला साथ दिलीत."