दुधाचा दात

"आई, हा कुणाचा दात?" मायक्रोस्कोपला डोळा लावून शर्वाणीनं विचारलं. उन्हामुळे पहिलीचे वर्ग महिनाभर आधीच बंद झाले होते, म्हणून तिला मी लॅबमध्ये घेऊन आले होते.

"सीलचा. उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातला, लाखभर वर्षांपूर्वीचा. झाडाच्या खोडात असते तशी यातही दर वर्षाची एक रेघ असते."

"शेवटच्या रेघा किती बारीक आहेत."

"त्या वर्षांत नीट वाढ झाली नाही. सील पिल्लांना बर्फावर दूध पाजतात. समुद्र तापला, बर्फ लवकर वितळायला लागला आणि त्यांचे हाल सुरू झाले. हा दात सापडला त्याच्या वरच्या, म्हणजे नंतर साठलेल्या मातीच्या थरांत आम्हाला तिथे सीलचा एकही दात मिळालेला नाही."

ती जिभेनं पुढचा हलणारा दात ढकलत राहिली आणि तो पटकन तिच्या तळहातावर पडला.

मी सवयीनं तो चिमट्यात धरला, नमुन्याच्या पिशवीत टाकला आणि वर लिहायला लागले: पुणे, मार्च, तापमान बेचाळीस.

"असं काय करतेस? तो छपरावर टाकायचा असतो," शर्वाणी रडवेली झाली. "ठेवून दिला तर नवा येत नाही. आजीनं सांगितलंय."

माझं पेन थांबलं. मी पिशवी फाडली, तिला घेऊन बाहेर रणरणत्या उन्हात गेले आणि सायकलस्टँडच्या पत्र्यावर दात भिरकावला. तो टणकन वाजला.

"आता येईल ना?"

पत्र्यावरची हवा तापून थरथरत होती.

"तुझा येईल," मी म्हणाले.