नवा प्रोसेसर

दुकान हातात आल्यावर पहिलं काम म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर टाकला आणि त्याने मानच टाकली. पंखा गरगर फिरतोय, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. रॅम काढून पुसली, वायरी हलवल्या, पिना भिंगातून तपासल्या. चष्म्याचं दुकान, भिंगांना काय तोटा. तेवढ्यात एक आजोबा काउंटरशी आले.

“वडील नाहीत का?”

“ते आता घरीच असतात. दुकान मी बघतो. बोला ना.”

“नको, नंतर येतो.”

सकाळपासून जो येई तो हेच म्हणून परत जाई. वैतागून रिपेअरवाल्याला फोन लावला.

“तुमचा मदरबोर्ड जुना आहे, तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही,” तो म्हणाला. “इतक्या घाईने जुना काढायचा नव्हता. तो परत बसवा, त्याच्यावर कॉम्प्युटर चालू करून बोर्ड अपडेट करा. मग नवा लावा, बघा कसा पळतो.”

“म्हणजे ज्याला काढलं त्याचेच पाय धरू?”

“दुसरा उपाय नाही.”

चष्म्याच्या डबीत टाकलेला जुना प्रोसेसर बाहेर काढला. तो बसवायच्या आधी घरी फोन केला.

“बाबा, थोडे दिवस दुकानात येऊन बसाल?”



“येईन. पण माझी खुर्ची आहे का अजून?”

“आहे ना,” मी म्हणालो आणि तिच्यावर मांडलेला उघडा कॉम्प्युटर उचलून खाली ठेवला.