उलटी तार

“पाच मिनिटं अजिबात आवाज करू नकोस. यंत्र ऐकतंय.”

“सवय आहे मला,” आतल्या खोलीतून बायको म्हणाली. वाळलेल्या चादरींचा ढीग पुढ्यात घेऊन ती पलंगावर बसली होती.

त्याने पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या. आपल्या खुर्चीत, आपलं डोकं टेकतं त्या उंचीवर, पुस्तकांच्या चळतीवर त्याने स्पीकरांचा आवाज मोजणारा अक्रोडाएवढा मायक्रोफोन ठेवला. होम थिएटरच्या रिसीव्हरबरोबर तो अकरा वर्षांपूर्वीच घरात आला होता. पिशवीचं सील मात्र आज फुटलं. शहरभरची वाद्यं सुरात लावून देणं हा त्याचा धंदा. लोक त्याला कानसेन म्हणत. कानसेनाला मोजणीचा मायक्रोफोन म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला भोपळा, असं तो तेव्हा म्हणाला होता.

पण गाणं त्या यंत्राला कधी मानवलंच नाही. सिनेमा झकास; संवाद मधल्या स्पीकरमधून खणखणीत येत. गाणं बाजूच्या दोन स्पीकरांवर लावलं, की सगळं पातळ, पसरट, धुरासारखं. गाणारा खोलीत कुठे उभा आहे, तेच कळत नसे. “हे सिनेमाचं यंत्र, गाणं याच्या रक्तात नाही,” असं म्हणून त्याने हात टेकले होते. काल नवा रिसीव्हर घ्यायला गेला, तर दुकानदार हसला. “नवा विकायला मला काय जड जातंय? पण साहेब, आधी जुन्याला एकदा मोजू तर द्या.”

सगळे स्पीकर आळीपाळीने फुसफुसले. मग पडद्यावर अक्षरं उमटली. डावा स्पीकर : तारा उलट्या.

यंत्रालाच भ्रम झाला असावा, असं पुटपुटत त्याने कपाट पुढे ओढलं आणि विजेरी घेऊन तो मागे शिरला. उजव्या स्पीकरला लाल तार लाल खाचेत होती. डाव्या स्पीकरला लाल तार काळ्या खाचेत होती. तांब्याच्या तंतूंना दिलेला पीळ त्याच्याच बोटांचा होता. अकरा वर्षं एक स्पीकर ढकलत होता, तेव्हा दुसरा ओढत होता. आणि मधोमध उमटायचा तो आवाज त्या ओढाताणीत विरून जात होता.

त्याने तारा बदलल्या. आवडीचं एक गाणं लावलं. गायक येऊन दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहिला. ओळीआधीचा श्वाससुद्धा ऐकू आला. दाद द्यायला त्याचा हात वर गेला, आणि तसाच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी, रिसीव्हर लावून चार दिवस झाले होते तेव्हा. बायकोने एक दिवसाची रजा काढून स्टुडिओत तीन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. सीडी घेऊन ती आली, तेव्हा चप्पल काढायचंही तिला भान नव्हतं. त्याने डोळे मिटून एकच गाणं ऐकलं, तेही अर्धं. “सूर नेमके आहेत,” तो म्हणाला होता, “पण आवाज पोकळ आहे. गळ्यात जीव नाही गं.” ती वाद घालत बसली नाही. शहराचा कानसेन बोलला होता. अपील कुठे करणार? त्यानंतर ती गायली नाही. काम करताना गुणगुणायची, तेही कधी थांबलं, ते त्या नामांकित कानांना कळलंही नाही.

त्याच आठवड्यात नामवंत गायकही त्याच स्पीकरांतून तितकेच पोकळ वाजले होते. त्यांच्या वेळी त्याने यंत्राला दोष दिला. तिच्या वेळी, तिला.

सीडी खणात सापडली. रिसीव्हरच्या हमीपत्राच्या घडीत ती जपून ठेवलेली होती. आवाज बारीक ठेवून एकट्याने ऐकावं, मग कपाट मागे सारून द्यावं, कोणाला कशाला कळायला हवं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने आवाज मोठा केला.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. अकरा वर्षांनी तरुण, भरदार गळ्याची, किंचित घाबरलेली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एका सुरावर ती अशी रेंगाळली, की ओल्या मातीवर पाऊल उमटावं. या वेळी त्याने गाणं पुरतं ऐकलं.

गाणं संपलं, तेव्हा बायको दारात उभी होती. हातात अर्धी घडी घातलेली चादर.

“तारा उलट्या होत्या,” तो मान वर न करता म्हणाला. “डाव्या स्पीकरच्या. मीच लावल्या होत्या. तुझा आवाज...”

“ठाऊक आहे मला.”

“काय ठाऊक आहे?”

“तारांचं. पुढच्याच आठवड्यात मागची धूळ पुसताना दिसलं. एकीकडे लाल लालमध्ये, एकीकडे काळ्यात.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

तिने चादरीची टोकं जुळवली. घडीवरून तळहात फिरवून एक सुरकुती काढली.

“अहो, तेवढी एक तार माझ्या बाजूची होती. ती सरळ करून तुम्ही पुन्हा ऐकलं असतं, आणि तरीही तेच म्हणाला असता, तर?”