यादवीमापकाचा काटा

शाळेच्या भिंतीवरच्या यादवीमापकाचा काटा सकाळी अठ्ठ्याण्णववर होता. शंभर झाले की सरकार गावाच्या मधोमध तारेचं कुंपण घालणार होतं. शेजारच्या दोन गावांत ते घातलंही होतं. काट्याची नोंद ठेवणाऱ्या शेवंताबाईंनी आकडा वहीत उतरवला. निवडणुकीपासून वरची आळी आणि खालची आळी एकमेकींशी चकार शब्द बोलली नव्हती.

तेवढ्यात पारापाशी आरडाओरडा झाला.

"हौसे, तुझ्या शेळीनं माझ्या कुरडया खाल्ल्या!" खालच्या आळीची गोदावरी ओरडली.

"मग वाटेत बाज कशाला टाकलीस? वाट काय तुझ्या पक्षाची आहे?" वरच्या आळीची हौसा कडाडली.

आता गाव पेटणारच, म्हणून शेवंताबाईंनी धसकून काट्याकडे पाहिलं. काटा घसरत होता. नव्वद. ऐंशी. हे यंत्र इतके दिवस गावाचा अबोला मोजत होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

सरपंच भांडण सोडवायला धावले. शेवंताबाईंनी त्यांचा सदराच धरला. "भाऊ, भांडू द्या त्यांना!"

आणि घसे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांनी दोघींच्या मधे पाण्यानं भरलेला तांब्या नेऊन ठेवला.