हौदातल्या माद्या

“नर खराब आणि मादी चांगली? पाणी एक, तलाव एक, बठ्ठं एकच शे ना!” जीवराम ओट्यावरून ओरडला.

समोर जितेंद्र उभा होता, मासे तपासायला पाठवले होते त्या प्रयोगशाळेतला माणूस, निकाल घेऊन आलेला. हेल्मेट अजून हातातच. त्याला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

नशिराबादजवळच्या या तलावात भोवतालच्या कपाशीवरचं फवारणीचं पाणी उतरतं. विषाला औषध म्हणायची आपल्याकडं रीत आहे, म्हणून कुणाला लाजही वाटत नाही. तलाव जीवरामच्या ठेक्यात. पण आज त्याला बाजाराची पर्वा नव्हती. पोरगी मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. हे औषध हार्मोनशी खेळतं, पोटातल्या बाळाला बाधतं, असं कळल्यापासून त्यानं घरात ताकीद दिली होती: तपासणी होईपर्यंत मयुरीच्या ताटात मासा नको. बाकीच्यांनी खावा, तिनं नाही. तलावातले मासे बोअरच्या हौदात आणून सोडले. पाणी बदलून बदलून त्याची कंबर गेली.

“महिनाभर काचेसारख्या पाण्यात ठेवले, भाऊ. धुऊन निघायला नको?”

“नाना, हा काय अंगावरचा मळ आहे? काही औषधं निघतात आठवड्यात. हे चरबीत जाऊन बसतं. नराला ते बाहेर टाकायला वाटच नाही.”

“आणि मादीला शे?”

“आहे. अंडी भरताना चरबी अंड्यांत उतरते, विषही तिच्याबरोबर. मादी हलकी होते.”

“म्हणजे आई सुटली, पोरं अडकली!” जीवराम खेकसला. “वा रे निसर्ग!”

“म्हणूनच माद्यांचं मांस बरं निघालं. पण मी किती वेळा बजावलं होतं, मासा अख्खा द्या. तुम्ही पोट साफ करून पाठवलात.”

“मग काय साहेब लोकांकडं घाण पाठवायची?”

“घाण नाही हो, नाना!” आता जितेंद्रचाही आवाज चढला. “तीच तपासायची होती. सगळं तिथंच साठलेलं. कुठं टाकली ती अंडी?”

जीवरामनं वैतागून घराकडं मान वळवली. “कुंदे! माद्यांच्या पोटातली अंडी कुठं टाकतेस?”

कुंदाबाई चुलीपुढून उठून दारात आली. हात पदराला पुसत होती. नवऱ्याच्या प्रश्नानंच तिला राग आला होता.

“टाकू कशाले? तुम्ही नको म्हणाले, म्हणीसन मयुरीले मासाना एक तुकडा बी दिधा नही मी. अंडीच तेवढी रोज भाजीसन देस.”