पेनड्राइव्ह काढल्यावर

साध्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून मॅकची सिस्टिम चढवायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं, त्याला आठवडा झाला होता. पडद्यावर नुसतं सफरचंद यायचं आणि तिथंच अडून बसायचं. बायकोनं जेवायला हाक मारली, की "आता होतोच आहे चालू" हे उत्तर ठरलेलं.

आज मात्र लॅपटॉप खरंच झकास सुरू झाला. त्यानं घर डोक्यावर घेतलं, बायकोला हाताला धरून आणून दाखवलं आणि ऐटीत पेनड्राइव्ह उपसून खिशात टाकला. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला, तर पडदा काळाकुट्ट.

बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्याला उलगडा झाला.

"अगं, सिस्टिम सगळी आत आहे, काही म्हणजे काही कमी नाही. पण तिला जागं करून कामाला लावणारी फाइल राहिली पेनड्राइव्हमध्ये! एवढा मोठा धटिंगण लॅपटॉप, आणि बोटाएवढ्या पेनड्राइव्हशिवाय याला साधं उठता येऊ नये? लाज वाटायला हवी!"

"हवीच," बायको पायांत चपला सरकवत म्हणाली. तिची बॅग केव्हाची दाराशी भरून तयार होती. "बरं, मी निघते आईकडे. रविवारी येईन."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"रविवारी? अगं, मग उद्या सकाळी मला उठवणार कोण?"